रिकामे भांडे आणि दोन कोटी अक्षरे

वीज केंद्र वसाहत, कोराडी,
नागपूर.
दि. ९ जुलै १९८९

तीर्थस्वरूप विश्वनाथमामांच्या चरणी गोपिकेचा साष्टांग नमस्कार.

आपण सर्व तेथे कुशल असाल आणि मामींचा गुडघा पुण्याच्या पावसातही त्यांचे ऐकत असेल, अशी आशा करते. इकडे आम्ही सुखरूप आहोत. पाऊस आला आहे. त्यामुळे राख आता उडत नाही, नुसती चिकटते. पत्राचे कारण आरंभीच सांगून टाकावे असा प्रघात आहे. मला तो पाळता येईलसे वाटत नाही, तरी क्षमा असावी.

मे महिन्यात आपण आपला संगणक माझ्या स्वाधीन करून गेलात, त्या दिवशी जेवणे झाल्यावर जे बोलणे झाले ते माझ्या नीट लक्षात आहे. आपण म्हणालात की उन्हाळ्यात मी या यंत्राशी ओळख करून घेतली, तर आपल्या संस्थेतल्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाला माझे नाव घालाल. बाबा (ज्यांनी वीज केंद्राचे भांडार इतकी वर्षे सांभाळले आणि ज्यांच्या हातून आजवर एक नटही बेपत्ता झालेला नाही) सुपारी कातरीत म्हणाले, "पराया माल आहे, विश्वनाथराव. जसा आला तसा धडधाकट परत गेला, तं पोरीले पुण्याले धाडू. नाही गेला, तं जिले दुसऱ्याचा माल सांभाळता येत नाही, ते परक्या गावात सोताले काय सांभाळीन?" मला काय वाटते हे कोणी विचारले नाही. विचारले असते तरी मी ओढणीचे टोक न्याहाळीत बसले असते, हे आपण जाणताच. पण त्या क्षणापासून माझे पुण्याला जाणे त्या राखाडी पेटीच्या प्रकृतीवर अवलंबून राहिले, आणि मी तिच्याकडे नवजात बालकाकडे पाहावे तशी पाहू लागले.

आपण याला मांडीवरचा संगणक म्हणाला होतात. पहिल्या दिवशी मी तो आज्ञाधारकपणे मांडीवर घेतला आणि थोड्याच वेळात माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या. तेव्हापासून तो देवघराशेजारी पाटावर असतो. (आईने पाटाभोवती रांगोळी काढली. हळदकुंकू मात्र मी कळांवर पडू दिले नाही. या एवढ्या गोष्टीचे श्रेय मी घेते.) मग मी आपण दिलेली इंग्रजी पुस्तिका उघडली. आम्ही मराठी माध्यमाची मुले इंग्रजी पुस्तक वाचतो, ते परक्याच्या घरात काळोखात वावरावे तसे: भिंत चाचपत, आणि काही पडणार तर नाही ना या धास्तीने. तिसऱ्या प्रकरणात लिहिले होते की यंत्राच्या आत एक तबकडी असून तिच्यावर वीस मेगाबाइट जागा आहे. मेगाबाइट समजून घेण्यासाठी मागे बाइटपर्यंत यावे लागले. आणि बाइट म्हणजे एक अक्षर हे कळले तेव्हा मी पुस्तिका मिटून अंगणात जाऊन उभी राहिले.

मामा, दोन कोटी अक्षरे! मी आजवर जे जे वाचले, म्हणजे पहिलीपासूनची क्रमिक पुस्तके, वसाहतीच्या वाचनालयाची दोन्ही कपाटे आणि किराण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा, ते सारे त्या पाटावरच्या पेटीत मावेल आणि तरीही पाहुण्यांना जागा उरेल. विद्यापीठात पहिली आल्याचा थोडासा अभिमान मी (कोणाला दिसणार नाही असा) बाळगून होते. तो त्या संध्याकाळी अंगणातच राहिला.

जेवताना मी ही वार्ता घरात सांगितली. आईने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे आता ते रिकामंच आहे काय वं?"

मी म्हटले, जवळजवळ रिकामाच.

"अन तू माह्या भावाचं भांडं रिकामं परत धाडशीन?"

आमच्या घरची रीत आपल्याला ठाऊक आहे, कारण ती आपल्याच घरून येथे आली. शेजारच्या शोभाताईंची वाटी आली, तर परत जाताना तिच्यात निदान गुळाचा खडा तरी जातो. हे भांडे नव्हे, यंत्र आहे, असे मी आईला समजावू पाहिले. "भांडं नाही, तं मग त्याच्यात मावते कसं?" असे तिने विचारले. याचे उत्तर तिसऱ्या प्रकरणात नव्हते. पुढच्या प्रकरणांतही मला अजून सापडलेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून यंत्र भरणे सुरू झाले. प्रथम आईने सांडग्यांची कृती सांगितली. मग शोभाताई वडाभात सांगायला आल्या. त्या वडाभात सांगता सांगता आपल्या धाकट्या जावेवर घसरल्या, आणि हेही लिहायचे का, असे मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "जागा आहे ना? मग राहू दे." (राहू दिले आहे. आपण वाचाल तेव्हा वडे तळून झाल्यावर पुढचे सोडून द्यावे.) मग मागच्या ओळीतल्या रंभाबाई आल्या, ज्यांना भुलाबाईची सगळी गाणी पाठ आहेत आणि ज्यांच्या सुना ती शिकायला तयार नाहीत. यंत्राला देवनागरी येत नसल्याने मी सारे इंग्रजी लिपीत उतरवीत होते, आणि आपली गाणी त्या परक्या पोशाखात पाहून रंभाबाईंना स्वतःच्याच लग्नाचा फोटो पाहावा तसे काहीसे होत असावे. त्या पदराने डोळे पुसत आणि पुढचे कडवे सांगत. मी, जी वर्गात "हजर" हा शब्दही घशातल्या घशात म्हणत असे, ती त्या मेळ्यात "हळू सांगा, एक ओळ मागे चला, सगळ्या एकदम बोलू नका" असे बोलू लागले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच ठाऊक नव्हते.

प्रत्येकीचे लेखन तिच्या नावाने ठेवावे असे मी ठरवले. यंत्र नावातली आठच अक्षरे स्वीकारते आणि उरलेली न विचारता टाकून देते. आईचे नाव इंग्रजीत लिहिले की नऊ अक्षरांचे होते. "माहंच शेपूट काहून कापलं?" म्हणून ती दोन दिवस रुसली, रंभाबाईंचेही नववे अक्षर गेले, हे कळल्यावर निवळली.

रोज संध्याकाळी आम्ही यंत्राला विचारीत असू की किती जागा उरली. ते जो आकडा दाखवी त्यात आमच्या साऱ्या श्रमांनी पडलेला फरक, तलावातून लोटाभर पाणी काढल्यावर पडतो तेवढा असे. "आठ दिवस झाले गाऊन राहिली, गळा बसला, पण याचं पोट काही भरत नाही," रंभाबाई म्हणाल्या. "द्रौपदीची थाळी देऊन देऊन सरत नव्हती. हे घेऊन घेऊन सरत नाही वं!" आणि त्यांनी नकळत पाटाला हात लावून तो कपाळाला लावला. मामा, सर्वांना हसू आले, मलाही आले. पण मग मीही लावला.

बाबा इतके दिवस हा प्रकार वर्तमानपत्राआडून पाहत होते. भरण्यापूर्वी त्यांनी यंत्र ओमप्रकाश किराणावाल्याच्या काट्यावर तोलून आणले होते (पराया माल घरात तोलल्याशिवाय राहत नाही). आता त्यांनी ते पुन्हा नेले. वजन तिळभर वाढले नव्हते.

"माल चढला अन वजन तेवढंच? ओमप्रकाश, काटा बरोबर आहे ना गा?"

"काटा तो बराबर है, बाऊजी. आपका माल ही हवा है."

भांडारात आयुष्य घालवलेल्या माणसाला वजन नसलेला माल, ज्याला ना फळी लागते ना उंदीर, प्रथमच भेटला होता. त्या दिवसापासून त्यांच्या मनात यंत्राविषयी आदर उत्पन्न झाला. आणि बाबांना ज्या गोष्टीविषयी आदर वाटतो, तिची ते तपासणी करतात. आतल्या मालाची नावे कशी पाहायची आणि नको ते कसे काढायचे, हे त्यांनी माझ्याकडून शिकून घेतले.

गेल्या रविवारी मी सीताबर्डीवर गेले असता त्यांनी तपासणी आरंभली. भांडाराचा नियम असा की ज्या मालाला धनी नाही, त्याबद्दल आधी पुकारा करायचा आणि कोणी पुढे आले नाही तर तो भंगारात काढायचा. रंभाबाई, शोभाताई, आई, सर्वांचा माल जागेवर होता. परंतु सर्वांच्या वर "कमांड" नावाचा एक इसम बसला होता, आणि या नावाचे वसाहतीत कोणी राहत नाही. बाबांनी नियमाप्रमाणे कुंपणावरून पुकारा केला. पुढचे मला आईने सांगितले.

"नत्थूजी, हा कमांड तुमचा काय गा?"

"माहा नाही बा," पलीकडून नत्थूजी म्हणाले. "मिलिटरीचा माल दिसते. कामठीले विचारा."

कामठी लांब असल्याने बाबांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि कमांडला भंगारात काढले. रात्री जेवताना ते समाधानाने म्हणाले, "एक बेवारस होता. काढून टाकला. जागा झाली." मला वाटले, शोभाताईंची जाऊ गेली.

सोमवारी सकाळी बाबा ड्यूटीवर गेल्यावर मी यंत्र चालू केले. त्याने इंग्रजीत एकच ओळ लिहिली, तिचा अर्थ असा की हुकूम घेणारा गैरहजर आहे; आणि ते थिजले. मी बंद करून पुन्हा लावले. तीच ओळ. मामा, त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढून काय काय गेले ते लिहीत नाही. तुमचा माल, रंभाबाईंचा गळा, आणि ज्या पुण्याला मी अजून गेलेही नव्हते ते माझ्यापासून दूर दूर जाणारे पुणे. आई पीठ मळता मळता डोकावली. "काय झालं? भरून फुटलं काय?" मी म्हटले, बोलत नाही. मग तिने कालचा कुंपणावरचा संवाद सांगितला.

मी पुस्तिका पुन्हा चाचपू लागले. सातव्या प्रकरणात तो कमांड भेटला. तो आतल्या मालाचा धनी नाहीच. तो दाराशी उभा राहून आपले म्हणणे आत पोहोचवणारा आहे. त्याच्यावाचून आत कोणाला हाक जात नाही. त्याची एक प्रत फ्लॉपीवर असते असेही तेथे लिहिले होते; आपण पेटीच्या कप्प्यात ठेवलेली ती चौकोनी तबकडी मी खिडकीशी नेऊन पुसली, देवाला नमस्कार केला आणि यंत्रात सारली. यंत्र जागे झाले. मी भीतभीत आतली नावे मागितली. आणि मामा, सगळी होती! भुलाबाई, सांडगे, वडाभात, एकही अक्षर हललेले नव्हते; दार बंद झाल्याचे कळलेही नसावे अशी सारी आत शांत बसली होती. इतके मोठे मौन आणि त्यात इतके काही सुरक्षित, असे मी यापूर्वी कधी पाहिले नव्हते. मग तबकडीवरच्या कमांडची प्रत करून मी ती जागेवर बसवली. बाबा जेवायला आले तेव्हा यंत्र पूर्ववत चालू होते. ते पाहून म्हणाले, "पाह्य, बेवारस माल काढला तं कसं चटकन उठते!" मी "हो" म्हटले.

येत्या आठवड्यात बाबा स्वतः यंत्र घेऊन पुण्यास येत आहेत. माझ्या अभ्यासक्रमाविषयी आपण आणि ते जे ठरवाल ते मला मान्य आहे. मी येथेही आनंदात आहे. मामींस नमस्कार.

आपली आज्ञांकित,
गोपिका

ता. क. : रंभाबाईंनी विचारले आहे की गाणी तुमच्याकडे पोहोचल्यावर येथली संपतील काय. मी नाही म्हटले. त्या अजून विचार करीत आहेत.

ता. क. दुसरा : वर "मला मान्य आहे" आणि "आनंदात आहे" असे लिहिले, ती दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत, परंतु खरी नाहीत. मला यायचे आहे. मला फार यायचे आहे. हे वाक्य मी या घरात कोणापुढे उच्चारलेले नाही, म्हणून एवढे लांब पत्र लिहावे लागले. आपण कृपा करून बाबांना एवढेच सांगावे की यंत्र धडधाकट मिळाले. कमांडचे प्रकरण काढू नये. ते कळले तर बाबा शरमेपोटी "जा" म्हणतील, आणि तसला होकार मला नको. उत्तर बंद पाकिटात यावे. कार्ड आधी नत्थूजी वाचतात.

विश्वनाथराव, इथून पुढं मी गणपतराव लिहून राहिलो. पोरीनं पाकीट टपालात टाकाले माह्याजवळ देलं. पावसाळी हवेनं डिंक धरला नव्हता, अन माह्या हातून पाहिल्याबिगर कोणता माल गेटाबाहेर गेला नाही, तं हेही गेलं नाही. शरम वाटली, खोटं काहून बोलू. पण पोरीले शरमेपोटी नाही धाडून राहिलो. बिघडला माल मी जन्मभर फक्त बदलून देल्ला. सुधरवून जागेवर बसवणारं माणूस घरातच होतं, हे मले दिसलं नाही. मी हे वाचलं म्हणून तिले सांगू नका, लाजून अर्धी होईन. स्टेशनवर जाऊन तिकिटं काढून आणली. माहं जाण्या-येण्याचं आहे. पोरीचं फक्त जाण्याचं.