गाळातले मोकळे कण

सांगली, मंगळवार, संध्याकाळ

नितीन कामाला आहे त्या खाणीवरून आलेला टाकाऊ गाळ आज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात तांबं वाया जातंय. का, ते तिथल्या साहेबांनी मला विचारलंय. साहेब म्हणजे माझा जुना विद्यार्थी. तांब्याचे कण दगडाला चिकटलेले असले तर दळण जाड, म्हणजे चूक दगड दळणाऱ्या गिरणीवरच्या संभाजीची. मोकळे असले तर दळण बरोबर, पण तांबं वर उचलून आणणाऱ्या, औषध घातलेल्या फेसाने ते उचललेच नाहीत. आणि फेस नितीन सांभाळतो. माझा मुलगा.

कण मोकळे आहेत. खनिजातलं तांबं असतं तसे पिवळे, स्वच्छ.

फोनवर त्याला तेच सांगितलं.

"आई, दळण जाड आहे एवढंच कळव. तुझं ते ऐकतात."

"मग संभाजीला काढतील."

"त्याची वडूजला शेती आहे. मला काय आहे?"

"तूच त्याला खाणीवर कामाला नेलंस ना?"

"तू घरातसुद्धा प्रयोगशाळाच चालवतेस," म्हणाला आणि फोन ठेवला.

मी फार कठोर आहे का? असेन. पण...

पुन्हा काचेखाली पाहिलं. दगडाला चिकटलेला एखादा तरी पिवळा कण दिसावा म्हणून डोळे दुखेपर्यंत शोधला. सगळे मोकळेच. साहेबांना तसं कळवून टाकलं.