क्लॅरिनेट आणि उचललेलं बोट

आप्पा, तुमच्या नातीनं काल शाळेसाठी जगातल्या वाद्यांचा तक्ता केला. क्लॅरिनेटचं चित्र शहनाईच्या खाली चिकटवलं आणि मला विचारते, "आई, हे शहनाईचंच इंग्लिश ना गं?" मी खवळलेच. म्हटलं, शहनाईला फुंकायच्या तोंडाशी पात्या दोन-दोन, ह्याला एकच, आणि बासरीला तर तीही नाही. जगात कुठंही जा, असं रडणारं आणि असं खिदळणारं दुसरं वाद्य दाखव मला! हे सगळं तुमचंच बोलणं, माझ्या तोंडात कधी येऊन बसलं कुणास ठाऊक. आपल्या चिखलीच्या खोलीत मात्र त्याची जागा हत्यारांत होती.

कंपनीतल्या पत्रा दाबायच्या प्रेसनं तुमच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट नेलं, त्यानंतरच तुम्ही घरी वाजवायला लागलात. आधी लग्नसराईत बँडबरोबर वाजवायचात, ते आम्ही ऐकलंय कुठं? खालचा सूर आला की त्याचं भोक दाबायला बोटच नाही. मग तुम्ही तो सोडून वर उडी मारायचात आणि फसलं की भिंतीवर डोकं आपटायचात. एकदा आईवर भरला तांब्या भिरकावलात. मी दाराआडून तुमचा हात बघून बघून शिकत होते. मला वाटायचं, हे असंच वाजवतात.

त्या रविवारी बँडमास्तर तुम्हाला भेटायला आले. मी मोठ्या हौसेनं क्लॅरिनेट उचललं आणि तुमचंच गाणं वाजवलं, ते बोट वर धरून, तीच उडी मारत. बँडमास्तरांना हसू फुटलं. "नक्कल करतीस व्हय गं? थोट्या बापाची?" असं ओरडून तुम्ही ते हिसकावलंत आणि माझ्या तोंडावर हाणलंत. खालचा ओठ फाटला, एक दात निखळला, फ्रॉक रक्तानं भिजला, तरी तुम्ही हाणतच होतात. आई मधे पडली, "अवो, मरंल ना पोरगी! सोडा!" तर तिच्याही पाठीत दणके. शेवटी बँडमास्तरांनी तुमची मान धरून तुम्हाला बाहेर ओढलं. त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. पोरीनं परक्यासमोर आपली थट्टा केली, हेच उराशी धरून गेलात.

थट्टा नव्हती हो, आप्पा! तिथं बोट ठेवायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. मी तुमच्यासारखं वाजवत होते. एवढंच सांगायला लिहायला बसले, पण हे पाठवणार कुठं? आणि खरं सांगू? आज तुम्ही दारात येऊन उभे राहिलात, तर आधी एक सणसणीत कानफटात देईन. मग सांगीन.