फोटोत आडवा आलेला हात

प्रिय अव्वा,

काल तुझं पहिलं पुण्यस्मरण झालं. दुधनीहून मामा, मामी, सगळे आले, जेवले आणि संध्याकाळच्या आत परतही गेले. आज घर आवरून लॅपटॉप उघडला, तर तुझ्या पुस्तकाचं शेवटचं पान अजून कोरंच. तिथं काय लावू? फोटो तर संपले. म्हणून हे पत्र लिहायला बसले. तू पहिलं काय म्हणणार तेही मला ठाऊक आहे. "ब्याड! माज्यावर कशाला पुस्तक काढता?"

ब्याड! म्हणजे नको. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली आईला आई म्हणायच्या, मी मात्र अव्वा. लग्न होऊन सोलापुरात आलीस ती कन्नड बरोबर घेऊनच. पुढं शेजारणींशी मराठीत कडाकडा भांडायलाही शिकलीस, पण नको म्हणायची वेळ आली की तोंडातून 'ब्याड'च निघायचं. आणि जन्मभर सगळ्यात जास्त वेळा ते कुणाला म्हणालीस? अप्पांच्या कॅमेऱ्याला!

आता या पुस्तकाबद्दल सांगते. नाक मुरडू नकोस, आधी ऐक. याला डिजिटल स्क्रॅपबुक म्हणतात. जुने फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे, कापायचे, पानावर मांडायचे, भोवती घरातलं काहीबाही लावायचं, दोन ओळी लिहायच्या. म्हणजे तुझी कौदीच की! तू नाही का, अप्पांच्या दुकानातले कटपीस, माझा आखूड झालेला फ्रॉक, मल्लूची फाटकी चड्डी, सगळं एकत्र करून पांघरूण शिवायचीस? आणि त्यावर झोपलं की आम्ही दोघं भावंडं भांडायचो, माझ्या फ्रॉकवर पाय ठेवू नको म्हणून.

हे सगळं सुरू झालं ते तुझ्या भिंतीवरच्या फोटोमुळं.

गड्ड्याची जत्रा उठली आणि तू गेलीस. दोन दिवसांचा ताप काय, आणि जाणं काय! कुणालाच काही सुचत नव्हतं. फोटो लावायचा म्हणून मल्लूनं घर धुंडाळलं, मोबाइल धुंडाळले, तर तुझा एक धड फोटो सापडेना. शेवटी तो तुझं आधार कार्ड घेऊन फोटोवाल्याकडं पळाला. त्या बिचाऱ्यानं त्यावरचा चेहरा उचलला आणि त्याच्याकडं तयार असलेल्या एका बाईच्या अंगावर बसवून दिला. अव्वा, तुला मोरपंखी शालू नेसवलाय गं! गळ्यात चार पदरी हार, खांद्यावर नीट चुण्या घातलेला पदर, मागं निळं आकाश. जन्मभर इरकल सोडून दुसरं नेसली नाहीस, डोक्यावरचा पदर कधी खाली आला नाही, आणि हे काय! कपाळावर विभूतीही नाही. मला रडता रडता हसू फुटलं होतं. तू असतीस तर त्या फोटोवाल्याला दुकानात जाऊन विचारलं असतंस, ही कुणाची बायको म्हणून.

अप्पा तेव्हापासून त्यांची खुर्ची भिंतीकडं पाठ करून ठेवायला लागले.

पण खरा जीव हलला तो चिन्नूमुळं. मल्लूची ही पोर तुझ्या अंगाखांद्यावर वाढलेली, आता कुठं शाळेत जायला लागली. एके दिवशी तिची आई म्हणाली, "आज्जीला नमस्कार कर बाळा." चिन्नूनं फोटोकडं बघितलं, मग आमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "ही कुणाची आज्जी हाय?"

सांग, काय उत्तर द्यायचं? लहान पोरांच्या डोक्यात काय राहतं आणि काय पुसून जातं, कुणाला ठाऊक. मला भीती वाटली ती एवढीच की आणखी दोन-चार वर्षांनी तिला हीच शालूवाली तिची आज्जी वाटेल. रोज समोर दिसणार ती हीच ना! मग तू कुठं राहिलीस? त्या दिवशी ठरवलं, पहिल्या पुण्यस्मरणाच्या आत चिन्नूसाठी तुझं पुस्तक करायचं.

कपाटावरून अल्बम काढले. ते चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले. फोटो पानाला असे धरून बसलेले की ओढले तर फाटणार. मग तुझ्याच डब्यातला शिवणाचा दोरा घेतला, फोटोखालून हळूहळू फिरवत एकेक सोडवला. खिडकीशी टेबल ओढून, ऊन थेट पडणार नाही असं बघून, मोबाइलनं त्यांचे फोटो काढले. फोटोची मागची बाजूही घेतली, कारण अप्पांनी मागं नावं लिहिलीत. अप्पांचं अक्षर म्हणजे मुंग्या शाईतून चालून गेल्यासारखं, पण तेही तुझ्याच घरातलं, नाही का?

पानांसाठी कॉम्प्युटरवर जे ॲप घेतलं त्यात तयार नमुने मिळतात. काय नमुने ते! बर्फ, भोपळे, अस्वलं, वळणदार इंग्रजीत 'मॉम'. मी तुझा तांबड्या पदराचा काळा इरकल काढला, गच्चीत अंथरला, त्याचा फोटो घेतला आणि तेच प्रत्येक पानाचं अस्तर केलं. कोपऱ्यांना तुझ्या खणाच्या चोळीचे त्रिकोण. आधी हौसेनं एकेका पानावर सहा-सहा फोटो कोंबले, फुलं लावली, फुलपाखरं लावली. मग तुझं कौदीचं बोलणं आठवलं, "सगळीच रंगीत चिंधी लावलीस तर डोळ्याला झोप कशी लागायची?" निम्मं काढून टाकलं. मराठी अक्षरं त्या ॲपमध्ये मोडायची, जोडाक्षराची तर पार वाट लागायची. शेवटी कागदावर हातानं लिहिलं आणि तेच चिकटवलं.

सगळं जमलं गं. एक सोडून. तू कुठं होतीस?

सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी आम्ही सगळे, आणि कडेला एक हात. मल्लूच्या जावळात एक हात. अक्कलकोटला मठाबाहेर, हात. हुरडा खायला गेलो तिथं धुराच्या मागं इरकल, इरकलाच्या वर हात. अप्पांनी कॅमेरा उचलला की तुझा तळहात आडवा आलाच! एरवी अप्पांच्या शब्दाबाहेर जायची नाहीस, पण फोटो म्हटलं की, "ब्याड री! पोरांचा काडा की. माजं काय बगायचं हाय?" हे बघून तुझा इतका राग आला ना! एकदा, फक्त एकदा हात खाली ठेवला असतास तर काय बिघडलं असतं? आमच्यासाठी कुठला चेहरा मागं ठेवून जायचं याचा कधी विचार केलास?

मग मी एक उद्योग केला. त्या ॲपमध्ये खोडायची सोय आहे. फोटोत नको ते आलं की त्यावर बोट फिरवायचं, ते जातं, आणि मागं काय असेल ते ॲप स्वतःच्या मनानं भरतं. दुकानाच्या पायरीवरचा फोटो घेतला आणि तुझ्या हातावरून बोट फिरवलं. हात गेला. खाली चेहरा आला.

छान चेहरा होता. गुळगुळीत, एक सुरकुती नाही, दात सगळे एका ओळीत. तुझा तो दातावर दात कुठं? मल्लू मागून वाकून बघत होता. तो म्हणाला, "लई भारी झालाय की गं लिले! हाच मोठा करून लावू भिंतीवर." मलाही क्षणभर वाटलं, असू दे. निदान शालू तरी नाही.

चिन्नूला बोलावलं. ती मांडीवर बसली, पानं उलटत गेली. तळं बघितलं, हुरडा बघितला, बाबा उघडाबंब बघून खिदळली. या पानावर थांबली. "आत्या, ही कोण?"

अव्वा, मल्लूचं तोंड उतरलं आणि माझंही. दोनदा विचारलं तिनं. मी उलटं जायचं बटण दाबलं. चेहरा गेला. हात परत आला.

आणि पोरगी ओरडली, "ब्याड!"

अगदी तुझ्यासारखी! मान तिरकी करून, 'ड'वर जोर देऊन. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "ही बघ आज्जीची करंगळी." दुकानाच्या शटरात सापडून बाहेर वाकलेली तुझी करंगळी. तीच धरून ती चालायला शिकली होती, हे आम्ही मोठी माणसं विसरून गेलो होतो. बाजारात, देवळात, जिन्यात ती तेवढं एक बोट घट्ट धरून चालायची. तिला बाकी काही दाखवायची गरजच नव्हती. तिनं आपला हात तुझ्या हातावर टेकवला आणि म्हणाली, "आत्या, हिला मोठं कर की."

मी मोठं केलं. फोटो फुटेपर्यंत मोठं केलं.

तेवढ्यात अप्पा उठून आले. महिनोन् महिने ते या फोटोंच्या वाटेला गेले नव्हते. चष्मा पुसला, वाकले, आणि बोटांच्या फटीवर नख ठेवलं. "हितं बघ," म्हणाले. मी बघितलं. बोटांच्या मागं तू हसत होतीस. दातावर चढलेला तो एक दात दिसत होता.

"अप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की. कॅमेरा उचलला की ती हात आडवा घालणार, आन् हाताआड हसणार. एरवी कुटं हसायला सवड असायची तिला? मी त्यासाठीच काढायचो."

मी आपली चिडत होते, की तू चेहरा ठेवला नाहीस! अप्पांनी तर दर वेळी ठरवून तुझं हसू काढलं होतं. तुला ठाऊक होतं का गं हे? खरं सांग. मला आता शंका येते, ठाऊक असणार. नाहीतर इतक्या वर्षांत अप्पांवर एकदा तरी खरंच चिडली असतीस.

मग पुस्तक उलटं लावलं. तोवर प्रत्येक पानावर तुझा हात कापून बाहेर ठेवला होता, आता तो मधे आणला. तळं कडेला गेलं, आम्ही कडेला गेलो. आणि पहिल्या पानावर पायरीवरचा तो फोटो, पानभर. खाली चिन्नूनं स्वतः लिहिलंय, 'आज्जी'. ज चे दोन तुकडे झालेत, पण राहू दे म्हटलं.

काल तेच पान मोठं छापून भिंतीवर लावलं. शालूवाली बाई कपाटात गेली. मला धाकधूक होती, पाहुणे काय म्हणतील, चेहरा झाकलेला फोटो कुणी पुजतं का? एका काकूंनी विचारलंच, "अगंबाई, नीट फोटो नव्हता का?" मामा मात्र दारातूनच थबकले. हार हातात तसाच. "अक्का," म्हणाले. मग हसायला लागले, "लग्नात पण असंच केलतं की हिनं!" त्यानंतर जो तो तुझं काही ना काही सांगत सुटला. अप्पांनी खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून ठेवली. जेवायचं पान वाढलं तरी तिथून उठायला तयार नव्हते.

आता हे शेवटचं पान. कौदी पुरी होत आली की तू शेवटच्या कोपऱ्यात, ठिगळाच्या आत ज्वारीचे चार दाणे टाकून शिवायचीस. "कौदी उपाशी ठिवू नये," म्हणायचीस, म्हणजे पांघरणाराही उपाशी राहत नाही. मीही डब्यातले दाणे काढून त्यांचा फोटो घेतलाय. कोपऱ्यात खणाचा तुकडा, त्याखाली दाणे आणि दाण्यांखाली हे पत्र. चिन्नू मोठी झाली की बोट लावून उघडेल आणि वाचेल.

एक सांगायचं राहिलं. काल पाहुणे गेल्यावर चिन्नूनं बापाचा मोबाइल घेतला आणि सगळ्यांचे फोटो काढत फिरली. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते, केस विस्कटलेले, गाऊन ओला. ती दारात येऊन म्हणाली, "आत्या, इकडं बघ!" मी काय केलं असेल, ओळख पाहू? आज सकाळी तो फोटो बघितला. पाण्यानं निथळता हात, आडवा. मागं मी. पण अव्वा, मी बोटांच्या फटीतून नीट बघितलं गं. मी हसत नव्हते. मला खरंच नको होतं.

म्हणून तुला शब्द देते. चिन्नूनं कॅमेरा उचलला की मी हात खाली ठेवीन. केस पिकलेले असोत, गाऊन ओला असो, ती म्हणेल तिकडं बघीन. आणि कधी सवयीनं हात वर गेलाच, तर त्याच्याआड तुझ्यासारखी हसत असेन. तेवढं तरी तिला सापडायला हवं.

तुझी,
लीला