माफाल्दाचे दोन कॅमेरे

चिरंजीव देओलिंडा हिला थोरल्या बहिणीचे, नोएमियाचे पोटभर आशीर्वाद. पत्र वाचून दाखवणाऱ्या जावईबापू जिल्बेर्टोंनाही आशीर्वाद, पण जरा बेताने. का, ते पुढे कळेल.

तुझा गुडघा काय म्हणतो? माझा बोलत नव्हता, तो गेल्या आठवड्यापासून बोलायला लागला आहे. त्याचं कारण वारा. तुझे नवे दात बसले का, की अजून पेल्यातच राहायला आहेत? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, शेवटी दोघी हवेची चौकशी करून ठेवून देतो. त्यापेक्षा हे बरं. आपण दोघींनी शाळेची पायरी पाहिली ती ओले कपडे वाळत घालायला. म्हणून इथे माझी नात माफाल्दा लिहिणार, तिथे जिल्बेर्टो वाचणार आणि आपण मध्ये समुद्र ठेवून गप्पा मारणार. (माफाल्दा, सांगते ते जसंच्या तसं लिही. मागच्या पत्रात तू माझ्या तोंडी "कृपया" घातलं होतंस. देओलिंडाला वाटलं मी आजारी आहे.)

तर नाताळात तुम्ही माफाल्दाला बोलावणं धाडलंत. जिल्बेर्टोंचं लग्नाच्या फोटोंचं काम जोरात आहे, हाताखाली माणूस हवं, घरचं असेल तर सोन्याहून पिवळं. अट एकच, मुलीकडे फुल फ्रेम कॅमेरा हवा, कारण तुमच्याकडची लग्नं म्हणे अंधाऱ्या हॉलमध्ये लागतात. (लग्न लागलं की दिवे का विझवतात? आपल्या वेळी निदान नवरा कोण हे लोकांना दिसायचं.) त्याच महिन्यात इथल्या वीब्के नावाच्या जर्मन बाईने माफाल्दाला विचारलं, बोटीवर कायमची येतेस का? ही बाई देवमासे मोजते. माझा बेल्मिरो, देव त्याला शांती देवो, कड्यावर बसून देवमासे हेरायचा तो मारायला, ही हेरते ते नुसतं ओळख ठेवायला. देवमासा बुडी मारताना शेपूट वर काढतो, तिच्या कडेला प्रत्येकाच्या वेगळ्या खाचा असतात. त्यांचे फोटो काढायचे आणि या वर्षी कोण आलं, कोण नाही, याची वही ठेवायची. या कामाला हवा हलका कॅमेरा, हलत्या बोटीत हातात राहणारा आणि लांबचं जवळ आणणारा. म्हणजे बघ, मोठा कॅमेरा घेतला तर पोरगी अमेरिकेत, लहान घेतला तर घरात. साठवलेली पुंजी एकाच्याच बेताची. आणि मी? मी मुळीच मध्ये पडले नाही. (लिहिणारी हसते आहे. हसू दे.)

समोरच्या बेटावरचा दुकानदार भला माणूस. त्याने दोन्ही कॅमेरे, दोन्हींची भिंगं, दोन पिशव्या दहा दिवस घरी वापरायला दिल्या. दोहोंत फरक काय, हे माफाल्दाने मला तीन संध्याकाळी समजावलं, ते मी तुला एका श्वासात सांगते. कॅमेऱ्याच्या पोटात उजेड वाढून घ्यायचं एक ताट असतं. मोठ्यात जेवणाचं ताट, लहानात बशी. अंधारात उजेडाचे चार थेंबच पडत असले तर ताटात जास्त गोळा होतात, हे मलाही कळतं. पण ताट भरायला डावही तसाच लागतो, म्हणून मोठ्या कॅमेऱ्याचं भिंग माझ्या मांडीएवढं. (माझ्या तरुणपणच्या.) बशीला लहानसं भिंग पुरतं आणि तेवढ्यानेच लांबचा देवमासा अंगणात येतो. मी विचारलं, मग यात एवढं डोकं धरून बसण्यासारखं काय आहे? तर म्हणाली, आजी, तुला नाही कळणार. देओलिंडा, एक्क्याऐंशी वर्षांत जे जे मला कळणार नाही असं मला सांगितलं गेलं, ते ते मला आधीच कळलेलं होतं.

पहिली परीक्षा झाली पवित्र आत्म्याच्या सणाला. देऊळ तुला आठवतंच, खिडक्या दोन आणि त्यातली एक मेणबत्त्यांच्या धुराने बंद झालेली. त्या काळोखात मुलीच्या डोक्यावर मुगुट ठेवतात त्या घडीचा फोटो माफाल्दाने दोन्हींनी काढला. मग सणाचं सूप पिता पिता सगळ्या गावाने फोटो पाहिले. मोठ्या कॅमेऱ्याने मुगुटावरचं कबुतर पिसांसकट उतरवलं. लहान कॅमेऱ्यात सगळ्या चेहऱ्यांवर बारीक रवा भुरभुरल्यासारखा दिसत होता. सगळे म्हणाले, मोठाच घे गं बाई. माझा जीव खाली-वर झाला. (म्हणजे सूप गरम होतं.) मग मी माझा फोटो शोधला. मोठ्यात माझ्या हनुवटीवरचे सातही केस मोजता येत होते, लहानात त्याच रव्यात माझी वीस वर्षं विरघळली होती. तेव्हा मी फक्त एवढंच म्हटलं की ज्या यंत्राला म्हातारीची दया येत नाही, त्याचं हृदय कुठे असावं? यावर माफाल्दा म्हणाली, आजी, तू मध्ये पडतेस. मी म्हटलं, मी सूप पिते आहे.

त्या रात्री जेवताना तिने मला विचारलं, आजी, खारवलेल्या मांसाच्या हंडीवरचा दगड कुठे गेला? मी म्हटलं, मांजराने नेला असेल. ती म्हणाली, चार किलोचा दगड? मी म्हटलं, मांजर वयात आलं आहे. हे तुला उगाच सांगते आहे, पत्रात घरगुती गोष्टी असाव्यात म्हणून.

दुसरी परीक्षा समुद्रावर. वीब्के म्हणाली, दोन्ही कॅमेरे घेऊन या, मी म्हटलं, मीही येते. आयुष्यभर देवमाशाच्या तेलाचा वास कपड्यांना घेऊन फिरले, पण जिवंत देवमासा जवळून पाहिला नव्हता. घरापासून धक्क्यापर्यंतचा उतार तुला ठाऊक आहे. मोठ्या कॅमेऱ्याची पिशवी माफाल्दाने घेतली आणि लहानाची मी हट्टाने खांद्याला लावली. (मध्ये पडायचं म्हणून नव्हे. मदत.) वाटेत दोनदा म्हटलंदेखील, बघ, हा कॅमेरा कसा फुलासारखा, एक्क्याऐंशीची बाई सहज नेते! माफाल्दाने विचारलं, मग आजी, धापा कसल्या टाकतेस? मी म्हटलं, आनंदाच्या.

बोट रबराची. तिच्यात बसतात ते घोड्यावर बसल्यासारखे, आणि घोडा दारू प्यालेला. वीब्केने मला पट्ट्याने बांधून टाकलं आणि वर विचारलं, घाबरलात का आजी? मी म्हटलं, बाई, मी सात बाळंतपणं केली, तेव्हा कुणी पट्टा दिला नव्हता. तेवढ्यात समोर फवारा उडाला. देवमासा पाठ दाखवत निवांत पडला होता, जेवून ओसरीवर लवंडलेल्या माणसासारखा. माफाल्दाने मोठा कॅमेरा उचलला. देवमाशाने पाठ वाकवली, शेपूट वर आली, पाणी गळायला लागलं, त्याच वेळी लाट आली, मांडीएवढं भिंग आभाळाकडे गेलं आणि आमच्या हाती आला एका ढगाचा फार सुंदर फोटो. पाऊण तासाने दुसरा वर आला. या वेळी तिने माझ्या मांडीवरच्या पिशवीतून लहान कॅमेरा काढला, एका हाताने माझी कॉलर धरली, दुसऱ्या हाताने फोटो काढला. शेपूट संपूर्ण. डाव्या टोकाला चावलेल्या बिस्किटासारखा तुकडा गायब.

मग मजा झाली. वीब्के संगणकावर त्या शेपटीची जोडी शोधत बसली. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माफाल्दाने जुने फोटो मांडले होते, मी कांदा चिरत होते. सुरीच्या टोकाने दाखवलं, ही घ्या, हीच ती. फोटो नऊ वर्षांपूर्वीचा निघाला. वीब्केने दोन्ही शेजारी धरले, खाच न् खाच जुळली. अगं, मला अक्षरं येत नाहीत, म्हणून मी जन्मभर बाकी सगळं वाचत आले. आता दर गुरुवारी ती नव्या शेपट्या घेऊन येणार, मी लावून देणार, ती मला कॉफी आणणार. मी आणि माफाल्दा आता एका कचेरीत आहोत म्हण ना.

परवा मोठा कॅमेरा दुकानात परत गेला. लहान राहिला. मुलीने स्वतःच्या मनाने ठरवलं. जिल्बेर्टोंनी वाईट वाटून घेऊ नये, हॉलमध्ये दिवे लावावेत.

सही म्हणून नेहमीची फुली.
तुझी नोएमिया

ता. क. तुझ्या नव्या दातांचा फोटो पाठव. दात तोंडात असताना.

ता. क. दुसरा. हे अक्षर आपल्या टपालवाल्या अमांदियुचं आहे, माफाल्दा बाजारात गेली आहे. देओलिंडा, खरं सांगते, हंडीवरचा दगड मीच फडक्यात गुंडाळून मोठ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत तळाशी घातला होता, दुकानातून आणला त्याच दिवशी. आता तो पिशवीसकट समोरच्या बेटावर गेला. दगडाचं काही नाही. पण पोरीने कॅमेरा निवडला की माझा दगड, हे मला कळत नाही, आणि सुपाचा घोट उतरत नाही. तिला तिकडे यायचंच असेल आणि मी चार किलोने अडवलं असेल तर? तरीही मागणं हेच आहे, कारण मी वाईट बाई आहे. जिल्बेर्टोंचं मन मोठं, ते स्वतः मोठा कॅमेरा घेऊन धाडतील, तसं त्यांना करू देऊ नकोस. जागा भरली म्हणून कळव. माझं नाव घेऊ नकोस. जिल्बेर्टो, तुम्ही हे वाचून दाखवा आणि विसरा. (अमांदियु म्हणतो, हे पाप आहे. त्याला म्हटलं, तू लिही, पाद्री होऊ नकोस.)

ता. क. तिसरा. देओलिंडा आजी, मी माफाल्दा. तुमचा पत्ता इंग्रजीत लिहायला गावात मीच, म्हणून आजीने पाकीट विश्वासाने माझ्याच हातात दिलं, आणि अमांदियुकाका ते चिकटवायला विसरले होते. दगड मला पहिल्याच संध्याकाळी सापडला. मी तो काढून लहान कॅमेऱ्याच्या पिशवीत घातला. धक्क्यापर्यंत आजीने तो स्वतःच्या खांद्यावर नेला, परतीचा सगळा चढही आणला, आणि दोन्ही वेळा फुलासारखा म्हणाली. गुडघा वाऱ्याने धरलेला नाही. जिल्बेर्टोकाका, दगड लहानाच्या पिशवीत असूनही मला लहानच हवा होता, तेव्हा जागा खुशाल भरा. हिवाळ्यात बोट बंद असते, तेव्हा आम्ही दोघी महिनाभर येऊ. दातांचा फोटो मीच काढीन, रवा भुरभुरून. आज सकाळी दगड हंडीवर परत ठेवला. आजी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी होती. मग सूप दोन वाट्या प्याली आणि म्हणाली, बघ, मांजराने आणून दिला.