शेवग्यापासून खाटेपर्यंत

मी, सगुणा आनंदा मढवी, वय सहासष्ट, धंदा पूर्वी नोकरी व आता परसातले पक्षी मोजणे, राहणार कोलशेत गाव, ठाणे, आज मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी सकाळी हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. तसे करू पाहणाऱ्यांना मी आजवर पुरून उरले आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षे तपासनीस होते. सुटा भाग केसभर कमी भरला तरी परत पाठवायचे. तेव्हा खाली जी मापे येतील ती खरी धरावीत. ओळखखूण म्हणून हनुवटीवर गोंदण आहे. अंगावर दोरा-गंडा नाही, कधी बांधला नाही.

१. राहते घर व मागची परसबाग मी पुतण्या दर्शन याची मुलगी मेघाली हिला देते. दर्शनला देत नाही. गेल्या थंडीत गाडी लावायला जागा हवी म्हणून त्याने माझी तगर तोडली. तीत शिंजिराचे घरटे लोंबत होते. "पक्षीच तो काकी, दुसरीकडं बांधंल," म्हणाला. आता मला न विचारता डिसेंबरअखेर घर रिकामे करून देतो असे बिल्डरला सांगून आला आहे. त्यानेही दुसरीकडे बांधावे.

२. कुंपणावरच्या वालाचे बी शेजारच्या कमळाबाईला. माझा वाल कडू आहे असे म्हणत ती तीस वर्षे मागून नेते. पाण्याचे परळ रोज सकाळी भरावे. आधी दयाळ येतो, मग बुलबुल. भारद्वाज दिसला तर शकुन समजू नये, तो गोगलगायी खायला येतो.

३. हिवाळ्यातल्या पक्ष्यांच्या नोंदींच्या चाळीस वह्या मेघालीला. त्यांत दरवर्षीच्या तिसऱ्या गुरुवारचे पान आहे, ते समजावे म्हणून लिहिते.

१९८४च्या मार्गशीर्षात या खाटेवर मला मुलगी झाली. पाचवीच्या पूजेला मी तिच्या डाव्या पायात काळा दोरा बांधला, एक पांढरा मणी ओवून. नवव्या दिवशी, तिसऱ्या गुरुवारी, ती गेली. इतक्या लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. सासूबाई भीमाबाईंनी मला खाटेवरून उठू दिले नाही आणि धाकटे दीर दामाजी यांनी शेवग्याखाली खड्डा खणला. मला तिचे तोंड दाखवले नाही. हे मी दोघांना माफ केलेले नाही आणि इथेही करत नाही.

पुढच्या वर्षी त्याच गुरुवारी घरोघरी पुढच्या दारातून लक्ष्मीची पावले काढली होती. मी ती शेवग्यापासून, मागच्या दारातून, खाटेपर्यंत काढली. सासूबाई उंबऱ्याशी येऊन म्हणाल्या, "पुढल्या दारानं येते ती लक्षुमी. मागल्या दारानं येते ती वेगली, पोरी." मी पावले पुसली नाहीत.

दुपारी परीट आला. हा पांढरा-काळा, शेपटी हलवत चालणारा पक्षी थंडीपुरता आपल्याकडे येतो. शेवग्याच्या बुंध्याशी, पहिल्या पावलावर, उभा राहिला आणि उडून गेला. त्याच्या डाव्या पायाला काळ्या दोऱ्याचे वेढे होते आणि पांढरा मणी होता.

पक्ष्यांच्या पायात दोरे अडकतात हे मला कळते. परीट एवढी वर्षे जगत नाही हेही मी वाचले आहे. तरी दरवर्षी त्या गुरुवारी मी पावले काढते आणि तो येतो, मणी तोच. आदल्या वर्षीपेक्षा साडेआठ इंच पुढे येऊन थांबतो, कमी नाही, जास्त नाही. तो चालतो तेवढा वेळ बागेत दयाळसुद्धा गप्प असतो. आमचे हे म्हणायचे, तुझी टेप ढिली आहे. ज्या वर्षी परीट उंबरा ओलांडून आत आला, त्या वर्षापासून ते पुढच्या खोलीत झोपू लागले आणि मरेपर्यंत तिथेच झोपले.

बुंध्यापासून खाटेच्या पायापर्यंत अंतर अठ्ठावीस फूट चार इंच. गेल्या वर्षी साडेआठ इंच उरले होते.

४. दामाजी भावोजी गेल्या शिमग्यात वारले. त्याआधी मला बोलावून म्हणाले, "वहिनी, पुरताना दोरा तोडायचा असतो. मी घाईत तोडला नाय. बांधलेला जीव जात नाय, फिरत ऱ्हातो." म्हणून उशाशी कात्री ठेवली आहे. पण खरे सांगते, दोरा तुटला तर पुढच्या थंडीत माझ्याकडे कोण येणार? एक्केचाळीस वर्षे मी शेवग्याला फुले यायची आणि हवा गार व्हायची वाट पाहण्यात काढली. ती जायला मला नको आहे, आणि तिची फरफटही बघवत नाही. काय करायचे ते आज दुपारी ठरवीन. गाठ मीच बांधली होती, ती मला सोडवता येते.

५. शेवगा तोडू नये. त्याच्याभोवती साडेतीन फूट जमीन कोणी खणू नये, बिल्डरनेही नाही. मी गेल्यावर मेघालीने खाटेपासून मागच्या दारातून शेवग्यापर्यंत तांदळाच्या पिठाची पावले काढावीत, बाहेर जाणारी. पावले बाहेर जाणारी काढत नाहीत हे तिला कोणी शिकवू नये. लक्ष्मीची काढत नाहीत. ही माझी आहेत.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, यानंतर करायला वेळ होईल असे वाटत नाही. वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: सगुणा आनंदा मढवी

साक्षीदार: १. नयन हरेश तरे, कोलशेत. २. दर्शना किसन भोईर, कोलशेत.
आम्हा दोघांसमक्ष बाईंनी सही केली. त्या वेळी मागचे दार उघडे होते.

ठिकाण: कोलशेत, ठाणे. दिनांक: ११ डिसेंबर २०२५, गुरुवार, दुपारी चार.

वैद्यकीय दाखला: सगुणाबाईंना सहीच्या वेळी तपासले. शुद्ध पूर्ण, उत्तरे चोख. उशाशी कात्री होती, ती वापरलेली नाही असे त्यांनी सांगितले. हनुवटीवर गोंदण आहे. मजकुरात नसलेली आणखी एक ओळखखूण आढळली ती नोंदवते: डाव्या पायाच्या अंगठ्यात काळा दोरा, तान्ह्या मुलाच्या मापाचा, एक पांढरा मणी.

डॉ. अंतरा केणी