पुस्तकात नसलेली तारा

१७ नोव्हेंबर, सोमवार

शाळेत खोकं आलं. माझी लहानपणची मैत्रीण माधवी, तिच्या भावाने पाठवलंय. चौलची वाडी विकली म्हणे, घर रिकामं करताहेत. वर मार्करने लिहिलेलं, 'सुमनबाईंच्या वाचनपेटीसाठी'. उघडलं आणि वर्गातच किंचाळले. 'बकुळवाडीच्या मुली'! अख्खी माला, बाराच्या बारा! पाचवीतली पोरं दचकली, बाईंना काय चावलं म्हणून.

पेटीत टाकायच्या आधी घरी आणलीत. आधी मी वाचणार, हक्कच आहे माझा. कारण ही माला मी कधी वाचलेलीच नाही, नुसती ऐकलीय. आई माधवीच्या वाडीत सुपारी सोलायला जायची, मी तिच्या मागे. बायका खाली अंगणात, माधवी वर ओटीच्या पायरीवर पुस्तक घेऊन. सगळ्यांचे हात कामात, कान मोकळे. नंदा, कुमुद, विजू, लीला आणि तारा. पाच मुली, एक होडी आणि मे महिन्याची सुट्टी.

माझी तारा! पाचातली सगळ्यात डोकेबाज. लेकीचं नाव उगाच नाही ठेवलं ते.

वाळवी नाही लागलेली, नशीब. वास छान येतोय. इतक्या जवळून कधी घेतला नव्हता.

१८, मंगळवार

पु. १ संपलं. दोन भाकऱ्या करपल्या.

तारा नाही. चारच मुली. असेल पुढे, मागाहून राहायला आली असेल. पण होडीचा दोर सोडवते ती ताराच ना? इथे विजू सोडवते. माझंच काहीतरी चुकतंय का...

आईला विचारलं. म्हणाली, "जेव आधी."

२०, गुरुवार

पु. २ आणि ३. तारा नाहीच.

तिसऱ्यात एक सोनी आहे, गड्याची पोर. तिला मागच्या दारी केळीच्या पानावर वाढतात आणि पान तिनेच उचलून न्यायचं. कुमुदचा सोन्याचा गोफ हरवतो. पहिला संशय सोनीवर, आणि घेतलेलाही असतो तिनेच! मग नंदा मोठ्या मनाने तिला माफ करते, आपला जुना फ्रॉक देते. सोनी पाया पडते. झालं, संपलं पुस्तक.

मी ऐकलेल्यात सोनी नव्हतीच. गोफ तारा शोधून काढते, विहिरीच्या रहाटाला अडकलेला. मग सगळ्या एका पंगतीला बसतात आणि पहिला लाडू ताराच्या पानात पडतो. लाडवावर तर माधवी आणि मी भांडलो होतो, बेसनाचा की रव्याचा.

म्हणजे माधवीने तोंडाला येईल ते रचलं? सगळं? जिच्यासारखं व्हायचं म्हणून मी डी.एड. केलं, बाई झाले, ती कुठे छापलेलीच नाही. फसवलंन मला!

२१, शुक्रवार

एक वाक्य डोक्यातून जात नाही. नंदाची आई सोनीला म्हणते, "पुस्तकाला लावू नकोस गं, हात बघ कसे आहेत ते."

अहो, हे तर काकूंचं वाक्य! माधवीच्या आईचं. "सुमे, सुपारीचे हात आहेत, डाग पडतील पुस्तकाला." मला खरंच डागांचं वाटायचं. एकदा लिंबाने घासघासून, बोटांची सालं निघेस्तो, हात धुऊन गेले. काकूंना पुढे करून दाखवले. तर म्हणाल्या, "ओले आहेत." वाळवून परत गेले तोवर पुस्तक कपाटात. मला वाटलं, आपल्यालाच उशीर झाला.

बौद्धवाडीतली पोर इतकी बावळट कशी असू शकते! आमचे दादा आंबेडकर जयंतीला भाषणं ठोकायचे आणि मी इकडे लिंबं चोळत होते.

माधवीची बोटंही तपकिरीच असायची. वाचता वाचता तीपण चार सुपाऱ्या सोलायची. हे आज आठवतंय मला, आज!

२३, रविवार

माधवीला फोन केला, पुण्याला. एरवी दिवाळीला आणि वाढदिवसाला बोलतो, गोडगोड. आज नाही.

"तारा कुठल्या भागात आहे गं?"

हसली. "अजून लक्षात आहे तुझ्या? अगं, गंमत होती ती."

"गंमत?"

मग हळूच म्हणाली, "तू समोर बसलेली असायचीस, सुमे. सोनीचं कसं वाचणार होते मी?"

म्हणजे हिला ठाऊक होतं. दहा वर्षांच्या पोरीला कळत होतं की त्या पुस्तकात मी कोण आहे. मलाच तेवढं नव्हतं कळत. म्हटलं, "तारा द्यायला जमली, मग पुस्तक हातात द्यायला काय झालं होतं? काकूंना एक शब्द बोलली असतीस."

"लहान होते गं मी."

"मग मी काय म्हातारी होते?"

फोन मीच ठेवला. भांडी घासली दणादणा. आई म्हणते, पोचे येतील. येऊ देत.

२४, सोमवार

आईला सगळं सांगितलं. तिला काडीचं नवल नाही!

"मला ठाव व्हतं गो. ती पुस्तकात बघून कुठं वाचायची? तुझ्या तोंडाकडं बघून वाचायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती हसायचीस तवा."

आणि तांदूळ निवडत बसली. हिच्यावरही संतापले. म्हणजे अख्ख्या अंगणाने मिळून मला...

रात्री लेकीचा फोन, नेरूळहून. नर्सिंगला आहे तिथे. तिलाही सांगितलं. "म्हणजे मी फेक? हाहा! चिल ना मम्मी, क्यूट आहे की." क्यूट म्हणे. हिला कुणी कधी 'हात दाखव' म्हटलं नाही, म्हणून क्यूट. असू दे, तसंच राहू दे.

२७, गुरुवार

बाराही खोक्यात परत. रद्दीत घालते, म्हटलं.

पण पोरांनी खोकं बघितलंय. जाई रोज मागे लागते, "बाई, त्या होडीवाल्या पोरी कवा देनार?" जाई कातकरवाडीतली. आई नागावला होमस्टेत भांडी घासते. मागे भिंतीला चिकटून बसायची, मी ओढून पुढे आणली. आणि वाचनपेटीचा नियम माझाच: कुठलंही पुस्तक कुठल्याही पोराने घरी न्यायचं, फाटलं तर फाटलं.

ठरवलं. शनिवारी दप्तर नसतं, तेव्हा तिसरं वाचून दाखवायचं. जसं आहे तसं, एक शब्द बदलायचा नाही. मग पोरांशी बोलायचं त्यावर, सरळ. मी काही माधवी नाही.

२९, शनिवार

वाचलं. नंदा, कुमुद, विजू, लीला, होडी, सगळं छापल्याबरहुकूम. पोरं खूश. मग मागचं दार आलं, केळीचं पान आलं, आणि मी वर बघितलं. जाई पुढ्यात, तोंड उघडं, श्वास घ्यायची विसरलेली.

"तेवढ्यात तारा आली," मी वाचलं.

तोंडातून गेलंच. मग थांबता येईना. तारा ओटी चढली, गोफ रहाटाला सापडला, पंगत बसली. माधवीच्याच हेलात वाचत होते मी. जाई लाडवाला खदखदून हसली. इतकी हसलेली तिला कधी पाहिली नव्हती.

घंटा झाली, पोरं पळाली. जाई थांबली.

"बाई, ताराचं पुस्तक मी घरी नेऊ?"

आणि विचारता विचारता दोन्ही हात फ्रॉकला पुसले तिने. मी सांगितलं नव्हतं.

"सोमवारी ने हं, कव्हर घालून देते," म्हटलं मी. पुस्तक कपाटात ठेवलं आणि चावी पर्समध्ये टाकली. घरी येईस्तोवर कळलंसुद्धा नाही काय केलं ते.

३०, रविवार

माधवीचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. काय सांगू तिला?

सकाळीच शाळेत जाऊन पुस्तक घेऊन आले. खाकी कव्हर घातलं. आई म्हणाली, "कुणासाठी गो?"

जाई उद्या सगळ्यांच्या आधी येईल.