तुमच्या फोनमधला जुना पासवर्ड

बाबा,

तुम्ही फिरून यायच्या आत मेट्रोने गुडगावला निघालोय, नव्या क्लायंटकडे. चहा थर्मासमध्ये आहे.

राउटरवरून काल उगाच तुमच्यावर ओरडलो. तुम्ही त्याला हातही लावला नव्हता. माझी मेल घरच्या वायफायवर बंद आणि मोबाइल डेटावर चालू, तेव्हाच कळायला हवं होतं की मेलच्या सर्व्हरने आपल्या घराचा आयपी ॲड्रेस, म्हणजे घरच्या इंटरनेटचा पत्ताच, ब्लॉक केलाय. तो सर्व्हर चालवणारा होस्टिंगवाला म्हणाला, "सर, आपके घर से कोई बार-बार गलत पासवर्ड डाल रहा है." सर्व्हरला वाटलं, चोर आहे.

चोर आज सकाळी चार्जिंगला लावलेला सापडला. तुमचा फोन! कंपनी काढली तेव्हा मीच त्यात कंपनीची मेल लावून दिली होती. परवा तुम्ही माझ्या कामाला टाइमपास म्हणालात, म्हणून रागाने पासवर्ड बदलला. फोन बिचारा तेव्हापासून जुनाच टाकत बसला. तुम्हाला मेल दिसत नव्हती, तरी विचारलं नाहीत.

फोन उघडल्यावर आत्याची चॅट समोर होती. माझ्या पहिल्या ऑर्डरच्या मेलचा फोटो तिला तुम्ही पाठवलाय, खाली लिहिलंय, "आपला सिद्धांत." मला का नाही सांगितलंत हो?

आयपी मोकळा झालाय. नवा पासवर्ड तुमच्या फोनमध्ये टाकलाय. मी मीटिंगमधून निघालो की क्लायंटचं उत्तर मेलवर येईल. मी मुद्दाम बघणार नाही. काय आलंय ते तुम्हीच फोन करून सांगा.

सिद्धांत